गाडी उभी राहिली की बॅटरी का बसते? आधी मोजा, मग बदला



वाहतूक समितीकडून हा मेसेज. जरा लांब आहे. पण ज्यांच्याकडे जुनी पिकअप, टेम्पो किंवा ट्रॅक्टर आहे त्यांनी सवडीने पूर्ण वाचावा आणि आपल्या ड्रायव्हरलाही वाचून दाखवावा. गणपती तोंडावर आलेत. मुंबईचा माल वाढणार, आणि लालबाग-परळच्या गर्दीत गाड्या दिवसेंदिवस एका जागी उभ्याही राहणार. उभ्या गाडीची बॅटरी बसण्याचे हेच दिवस.

*काय घडलं होतं*

आपल्या कंपनीचा एक जुना डिझेल टेम्पो मुंबईतच असतो हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गावाकडून मोठी गाडी पहाटे दादरला येते. तिथे माल टेम्पोत भरायचा आणि शनिवार-रविवार परळ, लालबाग, गिरगावच्या चाळी-सोसायट्यांमध्ये पोचवायचा, असं काम. रविवारी दुपारी दोनच्या सुमारास टेम्पो परळला उभा राहतो, तो पुढच्या शनिवारी पहाटे चारलाच हलतो.

त्या वर्षी गणपतीच्या आधीच्या शनिवारी ऋषीच्या भाजीच्या जुड्या होत्या. अळू, लाल माठ, शिराळी, पडवळ, भेंडी, सुरण. ही भाजी वर्षातून एकदाच मागतात. ऋषिपंचमी झाली की त्या जुडीला कोणी विचारत नाही. सव्वाचार वाजता आपल्या टेम्पोचालक मामांचा फोन आला, "भाऊ, गाडी परत बसली. सेल्फ नुसता टक-टक करतोय."

दादरला मोठी गाडी फार वेळ उभी करता येत नाही, त्यामुळे माल फुटपाथवर उतरला. परळला चाळीतल्या पोरांनी धक्का मारून टेम्पो चालू केला, तोवर साडेसहा वाजले होते. गिरगावात पोचायला दुपार झाली. अळूची पानं मान टाकून बसली होती, माठ काळवंडला होता. बऱ्याच जुड्या परत आल्या. पैसे कापले गेले ते तुमच्या हिशेबातून.

त्याआधीच्या आठ महिन्यांत आपण त्या टेम्पोला दोन नव्या बॅटऱ्या घातल्या होत्या. एकेक सहा-सात हजारांची. पहिल्या वेळी समितीनं ठरवून टाकलं की मामांनी केबिनचा दिवा चालू ठेवला असणार, आणि निम्मे पैसे त्यांच्या पगारातून कापले. मामा म्हणत होते, "मी दिवा बंद करूनच दार लावतो." आम्ही ऐकलं नाही. चूक कुणाची होती ते पुढे येईलच.

*बॅटरी म्हणजे शेतावरची टाकी*

टाकी भरते ती मोटर. गाडीत हे काम डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, इंजिन चालू असताना करतो. टाकी रिकामी दिसली तर कारणं तीनच. टाकीच फुटकी आहे. किंवा मोटर नीट भरत नाही. किंवा कुठला तरी वॉल थोडासा उघडा राहिलाय आणि रात्रंदिवस पाणी जातंय. गाडीत या तिसऱ्या कारणाला मेकॅनिक "करंट खातोय" म्हणतात.

आपण दोन वेळा काय केलं? वॉल उघडा होता आणि आपण टाकी बदलली. नवी टाकीही रिकामी होणारच.

वर आणखी एक नुकसान. अशी बॅटरी पूर्ण उतरू देणं आणि उतरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस ठेवणं तिला सोसत नाही. आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तिची साठवण कमी होते. म्हणून करंट खाणाऱ्या गाडीत चांगली बॅटरीसुद्धा काही महिन्यांत खराब होते, आणि आपण म्हणतो, "हल्ली बॅटऱ्याच चांगल्या येत नाहीत."

*किती खाल्लं तर किती दिवसांत उतरते*

बॅटरीवर ७० एएच लिहिलेलं असतं. अर्थ असा की ती साधारण ७० अँपिअर-तास करंट साठवते. निम्मी उतरली की जुनं डिझेल इंजिन पहाटेच्या वेळी उचलायला कुरकुर करतं. म्हणजे हातात धरायचे ३५.

०.०४ अँपिअर खात असेल तर दिवसाला सुमारे १ जातो. महिनाभर गाडी उभी राहिली तरी चालू होईल.
५ वॅटचा केबिनचा दिवा राहिला तर ०.४ अँपिअर. दिवसाला १०. साडेतीन दिवसांत निम्मी.
१ अँपिअर खात असेल तर दिवसाला २४. दीड दिवसात निम्मी.

बंद गाडीनं थोडंफार खाणं चुकत नाही. टेपची मेमरी, घड्याळ, जीपीएस यांना करंट लागतोच. जुन्या साध्या गाडीत ०.०२ ते ०.०५ अँपिअर, म्हणजे २० ते ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक समजा. त्याच्या वर गेलं की शोध घ्यायचा.

*शोध कसा घ्यायचा: पाच पायऱ्या*

लागतं काय? एक डिजिटल मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, आणि मदतीला एक माणूस. आपण मीटर ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरून घेतला, साडेतीनशे रुपयांना. तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळतो. घेताना १० अँपिअर डीसीचं वेगळं भोक आहे ना, एवढं बघा.

*आधी जपून:* बॅटरीजवळ बिडी-काडी नको, चार्ज होताना त्यातून पेट घेणारा वायू निघतो. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढा. वायर काढताना आधी काळी (निगेटिव्ह), मग लाल. लावताना आधी लाल, शेवटी काळी. ॲसिड डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्यानं धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

*पायरी १. टाकी फुटकी आहे का?*
बॅटरी दुकानात पूर्ण चार्ज करून आणा. गाडीत ठेवा, पण काळी वायर लावू नका. रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून दोन्ही पोलवर लावा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. काहीही जोडलेलं नसताना रात्रीत १२.३-१२.२ वर आली असेल तर बॅटरीच गेली, ती बदला. १२.५-१२.६ वर टिकली तर बहुतेक बॅटरी ठीक आहे, चोर गाडीत आहे. खात्रीसाठी दुकानात लोड टेस्टरही लावून घ्या. ही पायरी कोणीही करू शकतो आणि हीच सगळ्यात जास्त पैसे वाचवते. आपण ती केली नव्हती. पहिली बॅटरी न तपासताच भंगारात दिली.

*पायरी २. मोटर भरते का?*
काळी वायर परत लावा, इंजिन चालू करा, थोडी रेस द्या, हेडलाइट लावा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या खाली असेल तर डायनामो, त्याचा पट्टा किंवा कटआऊट बघा. १५ च्या वर जात असेल तरी वाईट, बॅटरी उकळेल.
*एक गोष्ट अजिबात करू नका:* इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "डायनामो चांगला आहे का बघू" असं काही जण करतात. व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायनामोतले डायोड जळतात.

*पायरी ३. बंद गाडी किती खाते?*
चावी काढा, सगळे दिवे-टेप बंद, दारं लावा. दार उघडं ठेवावं लागलं तर दाराचा बटण-स्विच चिकटपट्टीनं दाबून ठेवा, नाहीतर केबिनचा दिवाच मोजला जाईल. अर्धा तास थांबा. मग काळी वायर काढा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, बटण १० अँपिअर डीसीवर न्या. मीटरची एक सुई काढलेल्या काळ्या वायरीला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह पोलला. आता सगळा करंट मीटरमधून जातोय. आकडा लिहून ठेवा. ज्या गाडीत कॉम्प्युटर किंवा सेंट्रल लॉक आहे, तिथे जोडल्यावर आकडा आधी जास्त दिसतो. तो स्थिर होईपर्यंत थांबा.
मीटर लावलेला असताना चावी फिरवायची नाही. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, मीटर त्या क्षणी जळेल.
मीटर नसेल तर जुने वायरमन १२ व्होल्टचा बल्ब याच जागी लावतात. बल्ब लागला तर गळती मोठी. पण बारीक गळतीला बल्ब लागत नाही, म्हणून बल्ब विझलेला दिसला तरी निर्धास्त राहू नका.

*पायरी ४. एकेक फ्यूज काढा.*
आधी फ्यूज बॉक्सचा मोबाइलवर फोटो काढा. एकानं मीटर बघायचा, दुसऱ्यानं फ्यूज काढायचा. एक काढला, आकडा बघितला, परत त्याच जागी लावला, मग पुढचा. ज्या फ्यूजला आकडा झपकन खाली येईल, त्या लाइनवर चोर आहे. मग त्या लाइनवरची एकेक वस्तू सुटी करा: हौद्यातला दिवा, टेप, हॉर्नचा रिले, ब्रेकलाइटचा स्विच, रिव्हर्सचा भोंगा.

*पायरी ५. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नाही?*
मग करंट फ्यूज बॉक्सच्या बाहेरून जातोय. अशा जागा थोड्याच. डायनामोची जाड वायर (आतला डायोड खराब झाला की बंद गाडीतही उलटा करंट जातो), सेल्फची वायर, आणि नंतर बाहेरून थेट बॅटरीवर जोडलेली कुठलीही वस्तू. या शेवटच्या जातीपासून सुरुवात करा, कारण तपासायला सोपी आणि बहुतेक वेळा तिथेच सापडतं. डायनामोच्या वायरीला हात लावण्याआधी काळी वायर पूर्ण सुटी असलीच पाहिजे.

*आपल्या टेम्पोत काय सापडलं*

ऋषीच्या भाजीचा घोळ झाल्यावर आपण परळच्या एका जुन्या वायरमन काकांना बोलावलं. पायरी १: रात्रभर सुटी ठेवून बॅटरी १२.५ वर टिकली. पायरी २: डायनामो १४.१ देत होता. पायरी ३: बंद गाडी ०.४६ अँपिअर खात होती. जेवढं चालेल त्याच्या जवळजवळ दहापट.

फ्यूज एकेक काढले. आकडा तसाच. काका म्हणाले, "डायोड गेला असणार. पण थांबा, आधी पोलवर किती वायरी आहेत त्या मोजू." लाल पोलवर एक बारीक वायर जास्तीची निघाली. ती धरून मागे गेलो तर सीटखाली, गोणपाटाच्या ढिगाखाली, छोटा इन्व्हर्टर. त्यावर हिरवा ठिपका पेटलेला. वायर काढली, मीटर ०.०४ वर आला.

हा इन्व्हर्टर कोणी बसवला? आपणच. वजनकाटा आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा चार्ज करायला गेल्या वर्षी समितीनं तो बसवून घेतला होता. काही जोडलेलं नसलं तरी इन्व्हर्टर स्वतः चालू राहायला करंट खातो हे आमच्या डोक्यात आलं नाही. मामांना तर तो रात्री चालू असतो हेही माहीत नव्हतं.

हिशेब करून बघा. रविवारी दुपारी दोन ते शनिवारी पहाटे चार म्हणजे १३४ तास. १३४ गुणिले ०.४६ म्हणजे जवळजवळ ६२ अँपिअर-तास. ७० ची बॅटरी. उरलं काय?

त्यात शनिवार-रविवारची फेरी भराईच्या दृष्टीनं फारशी कामाची नाही. दादर ते गिरगाव जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. ठाकूरद्वारला बंद, फणसवाडीत बंद, खोताच्या वाडीपाशी बंद, परत सेल्फ. बाकी वेळ सिग्नलला नुसतं आयडलवर. ६२ गेलेले भरून यायला कित्येक तास सलग इंजिन चालायला लागतं, तेवढं चालत नाही. म्हणजे दर आठवड्याला बॅटरी आधीच्यापेक्षा थोडी रिकामीच उभी राहत होती.

दुसरी धास्ती काकांनी दाखवली. त्या वायरीला बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. सीटच्या पत्र्याला घासून ती सोलली असती तर शॉर्ट होऊन गोणपाटानं पेट घेतला असता. बॅटरी बसणं परवडलं, गाडी पेटणं नाही.

*मग काय केलं*

इन्व्हर्टर आता चावीवर चालणाऱ्या रिलेवर आहे. चावी बंद, इन्व्हर्टर बंद. वायरीला बॅटरीजवळ फ्यूज घातला. काळ्या वायरीवर कट-ऑफ स्विच बसवला, रविवारी मामा तो फिरवूनच घरी जातात. पुढच्या शनिवारी पहाटे बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते आणि गाडी पहिल्या सेल्फला लागली. तीच बॅटरी, जी आम्ही तिसऱ्यांदा बदलायला निघालो होतो.

मामांचे कापलेले पैसे परत केले. समितीच्या बैठकीत सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. बॅटरी बसली की पहिला आळ ड्रायव्हरवर येतो, तो घेण्याआधी मीटर लावावा, असं आता लेखी ठरलं आहे.

*तुमच्या गाडीत हे आधी बघा*

१. लाल पोलवर मूळ जाड वायरी सोडून किती बारीक वायरी आहेत? प्रत्येक वायर कुठे जाते ते माहीत असायला हवं. मोबाइल चार्जर, जीपीएस, जादा हॉर्न, डॅशबोर्डवरच्या गणपतीची लायटिंग, ट्रॅक्टरचा टेप, सगळं यात आलं.

२. पोलवर पांढरा-हिरवा थर असेल तर काळी-लाल वायर काढून गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं धुवा. पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. पुसून कोरडं करा, लग घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीचा वरचा भाग ओला-मळलेला असला तरी त्यावरून थोडा करंट झिरपतो.

३. गाडी पाण्यातून गेली असेल, मग हिंदमाताचं तुंबलेलं पाणी असो की गावचा ओढा, तर खालच्या बाजूचे कनेक्टर सोडवून वाळवा. आत गंज धरला की काही आठवड्यांनी गळती सुरू होते, आणि तोवर पाण्याचा प्रसंग आपण विसरलेलो असतो.

४. हौद्याचा दिवा आणि सामानाच्या कप्प्याचा दिवा रात्री अंधारात एकदा बघा. मागचा दिवा दिवसा जळत असला तरी कळत नाही.

५. झाकणाची बॅटरी असेल तर पाणी प्लेटांच्या वर हवं. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचं किंवा नळाचं नाही.

६. गाडी किंवा ट्रॅक्टर आठवड्याहून जास्त उभा राहणार असेल तर काळी वायर काढून ठेवा. पेरणी-मळणीच्या मध्ये ट्रॅक्टर महिनाभर उभा असतो, त्याला हे जरूर करा. गणपतीत लालबाग-परळला गाडी अडकणार असेल तर आधीच्या दिवशी मोकळ्या जागी हलवा आणि वायर काढा.

*कंपनीकडून*

मल्टिमीटर संकलन केंद्रावर ठेवला आहे. सभासदांनी वहीत नाव लिहून एका दिवसासाठी न्यावा, भाडं नाही. कंपनीच्या मालाच्या फेरीला लागणाऱ्या गाड्यांनी गणपतीच्या आधी पायरी १ ते ३ करून तिन्ही आकडे वहीत लिहावेत. ०.०५ च्या वर आकडा आला तर आम्हाला कळवा, वायरमन एकाच दिवशी सगळ्यांसाठी बोलावू, खर्च वाटून जाईल. नवी बॅटरी घ्यायची असेल तर वहीत हे आकडे असल्याशिवाय कंपनी तिचे पैसे मंजूर करणार नाही. हा नियम समितीलाही लागू आहे.

यंदाही ऋषीच्या भाजीच्या जुड्या जाणार आहेत. माल तोडून, निवडून, बांधून तुम्ही रात्री देता. तो सकाळी सातच्या आत गिरगावच्या दारात पोचला पाहिजे.

कळावे,
वाहतूक समिती